कोरस घ्यावा की फ्लँजर? नव्या गिटारवाल्यांसाठी, पायरी पायरीने

पहिलं कोरस पेडल आणलं तेव्हा मी दोन्ही नॉब बरोबर मधोमध ठेवले. मधोमध ठेवलं की चुकणार नाही, असा आपला हिशोब. त्याच संध्याकाळी बँडबरोबर सरावाला बसलो आणि दुसरं गाणं संपताना कीबोर्डवाला म्हणाला, "जरा ट्यून कर ना." ट्यून केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी ट्यूनर काढला तेव्हा त्याने माझ्या पायाशी बघितलं, पुढे येऊन बुटाच्या टोकाने पेडल बंद केलं आणि म्हणाला, "आता वाजव." गिटार आधीपासून सुरातच होती.

रेट आणि डेप्थ हे दोन नॉब एकमेकांना गुणतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. बाकी ब्रँड, ॲनालॉग-डिजिटलचा वाद, कोणाच्या पायाशी कुठलं पेडल होतं, या गोष्टी वाटेत येतीलच.

पायरी १: पेडलच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घ्या

कोरस आणि फ्लँजर सख्खी भावंडं आहेत. गिटारचा सिग्नल आत आला की त्याचे दोन भाग होतात. एक सरळ पुढे जातो. दुसरा किंचित उशिरा सोडला जातो, आणि हा उशीर स्थिर नसतो, तो सतत थोडा वाढतो, थोडा कमी होतो. शेवटी दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. झालं, एवढंच यंत्र. फरक आहे तो उशीर किती, यात.

कोरसमध्ये उशीर साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांचा असतो. एवढ्या अंतरावर कानाला शेजारी दुसरी गिटार वाजतेय असं वाटायला लागतं. त्यात उशीर कमी-जास्त होत असल्यामुळे दुसऱ्या गिटारचा सूरही किंचित वर-खाली होतो. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो, तसंच हे. दहा जण एकत्र गातात तेव्हा कोणीच अगदी एकाच क्षणी, एकाच सुरावर नसतो, आणि त्यातूनच समूहाचा भरलेला आवाज तयार होतो. कोरस हे नाव त्यावरूनच आलं.

फ्लँजरमध्ये उशीर फार थोडा, साधारण १ ते १० मिलिसेकंद. इथे दुसरी गिटार ऐकूच येत नाही, कारण कानाला एवढं अंतर वेगळं काढता येत नाही. त्याऐवजी दोन लहरी एकमेकींवर पडतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना खोडून टाकतात, काही ठिकाणी एकमेकींना उचलून धरतात. उशीर १ मिलिसेकंदाचा असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागा रिकाम्या होतात आणि १०००, २००० हर्ट्झला उठाव मिळतो. याचा आलेख काढला तर तो हुबेहूब कंगव्यासारखा दिसतो, म्हणून याला कोम्ब (इंग्रजीत कंगवा) फिल्टर म्हणतात. उशीर बदलला की कंगव्याचे दात सरकतात. डोक्यावरून जेट विमान गेल्यासारखा जो 'श्शूऽऽ' आवाज येतो, तो या सरकत्या दातांचा.

हे सगळं आधी टेपवर व्हायचं. एकच रेकॉर्डिंग दोन टेप मशीनवर लावायचं आणि एका मशीनच्या रिळाच्या कडेवर बोट टेकवून तिला जरा मागे पाडायचं. त्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड या अभियंत्याने टेपच्या मदतीने आवाज आपोआप दुहेरी करण्याची पद्धत बसवली, तीही याच घराण्यातली. पण टेप मशीन पायाखाली ठेवता येत नाही. त्यासाठी १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सांगस्टर आणि टेअर या दोघांनी शोधलेलं बकेट ब्रिगेड हे तंत्र लागलं. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा इथे व्होल्टेज एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात दिला जातो. हा व्होल्टेज केव्हा पुढे द्यायचा ते सर्किटमधलं एक घड्याळ ठरवतं. कप्पे १०२४ असतील आणि या घड्याळाची गती सेकंदाला १ लाख ठोके असेल, तर सिग्नल सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो.

या घड्याळाचा तुमच्या आवडीशी थेट संबंध आहे. उशीर वाढवायचा तर घड्याळ हळू करावं लागतं, आणि घड्याळ हळू झालं की वरच्या पट्टीतला आवाज गाळून टाकावा लागतो, नाहीतर घड्याळाचीच शिट्टी ऐकू येते. जुन्या ॲनालॉग कोरसला लोक 'उबदार' म्हणतात त्यामागचं मोठं कारण हे गाळणं आहे. त्यात जादू वगैरे काही नाही.

पायरी २: आधी साधा आवाज, मग पेडल

अँप क्लीन ठेवा. रिव्हर्ब बंद, डिले बंद. ट्यूनर साखळीत सगळ्यात पुढे, गिटारला लागून. कोरसच्या मागे ट्यूनर लावलात तर काटा स्थिर राहणार नाही आणि तुम्ही विनाकारण खुंट्या पिळत बसाल.

आता ई मायनरची मोकळी कॉर्ड एकदा वाजवा आणि ती विरेपर्यंत हात लावू नका. नव्या माणसाची चूक इथेच होते. पेडल चालू केलं की तो भराभर वाजवायला लागतो. पण कोरस आणि फ्लँजर ही हळू चालणारी यंत्रं आहेत. एक पूर्ण लाट, म्हणजे उशीर वाढून पुन्हा कमी होणं, यायला दोन-चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही आठ कॉर्ड वाजवल्या तर लाट कानावर येणारच नाही.

पेडल नसेल तरी हा सराव करता येतो. रेकॉर्डिंगच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वाजवून ट्रॅकची नक्कल करा आणि ती २० मिलिसेकंद मागे सरकवा. मग ३ मिलिसेकंदांवर आणा. पहिल्यात आवाज दुहेरी वाटेल. दुसऱ्यात गिटार पत्र्याच्या नळीतून येतेय असं वाटेल. हलणारं काहीच नसताना हा फरक एकदा कानात बसला, की पेडलवर काय ऐकायचं ते आपोआप कळतं.

पायरी ३: कोरसचे नॉब

रेट म्हणजे लाट किती वेगाने येते-जाते. डेप्थ म्हणजे उशीर किती पसरतो. आता हा गुणाकार बघा.

समजा उशीर १८ ते २२ मिलिसेकंद असा एका सरळ चालीने वर-खाली होतोय. लाट दोन सेकंदांची असेल, तर ४ मिलिसेकंदांचा प्रवास १ सेकंदात होतो. त्यामुळे दुसऱ्या गिटारचा सूर सुमारे ७ सेंट ढळतो. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात, म्हणजे ७ सेंट हे गोड ढळणं झालं, दोन चांगल्या वादकांमध्ये असतं तेवढं. आता डेप्थला हात न लावता रेट वाढवून सेकंदाला चार लाटा करा. तोच ४ मिलिसेकंदांचा प्रवास आता सेकंदाच्या आठव्या भागात उरकायचा आहे, आणि सूर सुमारे ५५ सेंट ढळतो. अर्ध्या अर्धस्वराहून जास्त! एक गिटार सुरात आणि तिच्या शेजारी दुसरी एवढी बेसूर. कीबोर्डवाल्याची तक्रार रास्तच होती.

म्हणून नियम सोपा: रेट आधी ठरवा, डेप्थ नंतर. आणि रेट वाढवला की डेप्थ त्याच हाताने खाली आणा.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. रेट इतका कमी ठेवा की एक लाट साधारण तीन सेकंदांत पूर्ण होईल. घड्याळाचा सेकंद काटा बघून मोजा, लाज वाटून घेऊ नका. मग डेप्थ शून्यापासून हळूहळू वाढवा. आवाज भरीव झाला पण हेलकावा अजून जाणवत नाही, अशी एक जागा येईल. तिथे थांबा. तोडून वाजवलेल्या कॉर्ड, म्हणजे अर्पेजिओ, इथे फार छान लागतात. याच्या उलट टोकाला वेगवान रेट आणि अगदी थोडी डेप्थ: आवाजाला पाण्यावरच्या तरंगासारखी थरथर येते, आणि दोन-तीन सुरांची छोटी धून वाजवताना ती खुलते. दोन्ही नॉब वर असलेली अवस्थाही एकदा अनुभवून घ्या. मळमळ होईल, पण ओळख असलेली बरी.

मिक्स किंवा इफेक्ट लेव्हल नावाचा नॉब असेल तर तुमचं नशीब. सरळ आवाज पूर्ण काढून टाकला तर उरतो तो निव्वळ व्हायब्रेटो, म्हणजे डोलणारा सूर. कोरस ऐकू येण्यासाठी सरळ आवाज लागतोच, कारण ढळणं कशाच्या तुलनेत ते कानाला कळावं लागतं. वॉलरस ऑडिओच्या ज्युलिया या पेडलवर सरळ आवाजापासून कोरसमार्गे व्हायब्रेटोपर्यंत नेणारा एकच नॉब आहे. हे नातं समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं पेडल मी पाहिलेलं नाही. त्यावर लॅग नावाचाही नॉब आहे. त्याने लाट ज्याच्याभोवती फिरते तो मधला उशीर बदलतो.

आता आवडीनिवडींकडे वळू. कोरसच्या दुनियेत सगळे रस्ते जाऊन मिळतात ते रोलंडच्या जेसी-१२० या १९७५ च्या अँपला. त्यातलं कोरसचं सर्किट बाहेर काढून १९७६ मध्ये सीई-१ बनलं, आणि ते बॉस या नावाखालचं पहिलं पेडल. रेड हॉट चिली पेपर्स या बँडचा गिटारवादक जॉन फ्रुशियांते याच्या पायाशी ते असायचं. १९७९ चं सीई-२ त्याचं छोटं, दोनच नॉबांचं रूप. बरेच गिटारवाले आजही कोरस म्हटलं की मनात त्याचाच आवाज धरून असतात. माझं मत विचाराल तर नवशिक्याने दोन नॉबांचंच पेडल घ्यावं. सहा नॉब असले की माणूस महिनाभर वाजवण्याऐवजी नॉबच फिरवत बसतो.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं स्मॉल क्लोन तर आणखी मुखदुर्बळ: रेटचा एक नॉब आणि डेप्थला दोनच जागांचा खटका. कर्ट कोबेनने निर्वाणा या बँडच्या १९९१ मधल्या 'कम ॲज यू आर'मध्ये तेच वापरलं. गंमत अशी, की ऐंशीच्या दशकातला चकचकीत कोरस आता नको असं ज्या पिढीने ठरवलं, तिच्याच एका गाजलेल्या धूनेत कोरस ठासून भरलेला आहे. त्याचा हेलकावा मुद्दाम जाणवावा इतका मोठा आहे. आधी 'जाणवणार नाही तिथे थांबा' म्हटलं खरं, पण ते शिकण्यापुरतं.

ज्यांना सूर ढळलेला अजिबात खपत नाही त्यांच्यासाठी बॉसचं १९८५ चं डायमेन्शन सी. त्यात दोन उशीर एकमेकांच्या उलट चालतात, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. त्यामुळे हेलकावा फारसा कळत नाही, आवाज फक्त रुंद होतो. त्यावर नॉबच नाहीत, चार बटणं आहेत. कोरस न आवडणाऱ्या लोकांना हे आवडतं, असा माझा अनुभव.

पायरी ४: फ्लँजर, हाताने

फ्लँजरवर सहसा चार नॉब असतात. एमएक्सआरच्या जुन्या राखाडी फ्लँजरवर मॅन्युअल, विड्थ, स्पीड, रीजेन. बॉसच्या बीएफ-२ वर मॅन्युअल, डेप्थ, रेट, रेझोनन्स. नावं वेगळी, कामं तीच. मॅन्युअल म्हणजे मधला उशीर हाताने ठरवणारा नॉब, विड्थ म्हणजे डेप्थ, स्पीड म्हणजे रेट. शेवटचा नॉब फीडबॅकचा: उशिरा निघालेला आवाज पुन्हा मागे फिरवून आत सोडायचा. त्याने कंगव्याचे दात टोकदार होतात.

आता कृती. विड्थ शून्यावर आणा, रीजेनही शून्यावर. डाव्या हाताने तारा हलक्या दाबून आवाज मारून टाका आणि उजव्या हाताने नुसतं 'चक-चक-चक' चालू ठेवा. जमिनीवर बसलात तर बरं, कारण आता दाबलेल्या हातानेच मधूनमधून मॅन्युअल फिरवायचा आहे. शेजारी कोणी असेल तर त्याला फिरवायला सांगा. मॅन्युअल जसा फिरेल तसा तो 'चक' कधी 'चॉक' होईल, कधी 'च्यूक', जणू कोणी त्या आवाजाचं तोंड उघडतंय आणि मिटतंय. आपोआप चालणारं काहीच नाही, कंगवा तुमच्या हाताने सरकतोय. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या इलेक्ट्रिक मिस्ट्रेस या फ्लँजरवर तर यासाठी खास फिल्टर मॅट्रिक्स नावाचा खटका आहे. तो लावला की लाट थांबते आणि कंगवा जिथे ठेवाल तिथे स्थिर राहतो.

मग मॅन्युअल मध्यावर ठेवून रीजेन वाढवा. आवाजात घंटेसारखा धातूचा नाद यायला लागेल. टोकाला गेलात तर पेडल स्वतःच किंचाळायला लागतं. तिथून मागे या. आता कुठे विड्थ थोडी द्या आणि स्पीड अगदी कमी. या क्रमाने गेलात तर चौथा नॉब हातात येईपर्यंत आधीच्या तिघांचं काम कानाला पाठ झालेलं असतं. उलट क्रमाने गेलात, म्हणजे सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात केलीत, तर फक्त विमान ऐकू येईल आणि दोन दिवसांत पेडल कपाटात जाईल. फ्लँजर कपाटात जाण्याचं प्रमाण कोरसपेक्षा बरंच जास्त असावं, असा माझा आपला अंदाज.

फ्लँजरमधून कोरससारखा आवाजही काढता येतो. रीजेन शून्य, मॅन्युअल लांब उशिराच्या बाजूला, स्पीड कमी. कुठल्या बाजूला आवाज जाडसर आणि खालचा वाटतो ते ऐका, ती लांब उशिराची बाजू. द पोलीस या बँडच्या अँडी समर्सने इलेक्ट्रिक मिस्ट्रेसमधून काढलेला तो झुळझुळीत आवाज लोक अनेकदा कोरसचा समजतात. त्यामुळे एकच पेडल घेण्याची ऐपत असेल तर फ्लँजर घ्यावा, असा युक्तिवाद करता येतो. मी तो करत नाही, कारण फ्लँजरचा उशीर मुळात कमी असल्यामुळे दुहेरी गिटारचा भास त्यात पुरता येत नाही. पण रंग सुंदर मिळतो.

गाण्याच्या लयीशी स्पीड जुळवणं हा यातला सर्वांत रसाळ भाग. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर चार ठोक्यांचं एक आवर्तन २ सेकंदांचं होतं. चार आवर्तनांत एक लाट हवी असेल तर ती ८ सेकंदांची ठेवा: ओळ सुरू होताना आवाज खाली, मध्यावर चढलेला, संपताना परत खाली. ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण ओळ श्वास घेतल्यासारखी वाटते. यात एक मेख आहे. बहुतेक साध्या पेडलांत लाट तुमच्या पायाची वाट बघत नाही, पेडल बंद असतानाही ती आत फिरतच असते. त्यामुळे बटण दाबाल तेव्हा ती चढतीला असेल की उतरतीला, हे सांगता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोन-चार वेळा वाजवून जमलेलं ठेवता येतं. कार्यक्रमात मात्र जे येईल ते आपलं.

फ्लँजर सतत चालू ठेवायचा नसतो, हे शिकायला व्हॅन हेलन या बँडचं १९८१ चं 'अनचेन्ड' ऐका. त्यात एमएक्सआरचा फ्लँजर रिफच्या ठरावीक तुकड्यापुरता येतो आणि लगेच जातो. बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तो पूर्ण गाणंभर चालू ठेवला असता तर तिसऱ्या आवर्तनाला आपण कंटाळलो असतो. याउलट द क्युअर या बँडचा रॉबर्ट स्मिथ. बीएफ-२ चा थंड, ओलसर आवाज हा त्याच्या गिटारचा कायमचा पोशाखच होता. पण तिथे वाजतात ते एकेक सुटे सूर, ठासून भरलेल्या कॉर्ड नव्हेत.

पायरी ५: डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर?

सर्वसाधारण उत्तर: नंतर. गिटार, मग डिस्टॉर्शन, मग कोरस किंवा फ्लँजर, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. डिस्टॉर्शन आवाजात वरच्या पट्टीची भरपूर भर घालतं. फ्लँजरच्या कंगव्याला विंचरायला केस जितके जास्त, तितकी त्याची चाल स्पष्ट. नेक पिकअपवरचा गोलसर क्लीन आवाज फ्लँजरमध्ये टाकलात तर फारसं काही घडत नाही ते यामुळेच. ब्रिज पिकअपवर या.

तरीही उलट लावून बघाच. फ्लँजर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर असेल तर कंगव्याने केलेल्या फटी डिस्टॉर्शन पुन्हा भरून टाकतं. चाल सौम्य होते, आवाजाच्या पोटात मिसळून जाते. एडी व्हॅन हेलनची पेडलं अँपच्या पुढे असायची आणि डिस्टॉर्शन अँपमधून यायचं, म्हणजे क्रम हाच. कोरसच्या बाबतीत मात्र मला हा क्रम सहसा मानवत नाही. दोन किंचित वेगळे सूर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की त्यांचा गुंता होतो आणि मोठ्या कॉर्ड चिखल होतात.

जोरदार डिस्टॉर्शननंतर फ्लँजर लावला की एक त्रास हमखास होतो. तुम्ही थांबता, आणि डिस्टॉर्शनची खरखर तेवढी मागे राहून 'श्शूऽऽ' करत वर-खाली फिरायला लागते. नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं पेडल, असेल तर तो डिस्टॉर्शन आणि फ्लँजरच्या मध्ये लावा. फ्लँजरच्या नंतर लावलात तर गेट शेवटच्या सुराची विरत जाणारी लाटही मध्येच कापून टाकतो.

बास वाजवणाऱ्यांसाठी एवढंच: खालच्या सुरांवर कोरसचं ढळणं फार लवकर खटकतं. बाससाठीच्या पेडलांत खालचा भाग कोरसपासून वाचवणारा फिल्टर असतो, बॉसच्या सीईबी-३ वर आहे तसा. गिटारचं पेडल उसनं घेऊन बासला लावलं आणि पाया डळमळला, तर दोष बासवाल्याच्या हाताला देऊ नका.

पायरी ६: एक अँप की दोन

जेसी-१२० मध्ये दोन स्पीकर आहेत. कोरस चालू केला की एकातून सरळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून ढळलेला, आणि त्यांची भेट होते ती खोलीतल्या हवेत. म्हणून तो कोरस एवढा मोठा वाटतो. दोन आउटपुट असलेलं पेडल आणि दोन अँप जमवता आले तर एकदा मध्ये उभं राहून ऐका. नंतर एका अँपवर परत येताना जीव जड होतो.

पण स्टीरिओच्या मोहात लगेच पडू नका. घरी हेडफोनमध्ये स्टीरिओ कोरस ऐकून नॉब लावायचे आणि कार्यक्रमात एका अँपवर तेच वापरायचे, यात फसगत होते. स्टीरिओत दोन कानांना वेगवेगळे आवाज मिळतात म्हणून हेलकावा खपून जातो. एका स्पीकरवर दोन्ही आवाज एकमेकांवर पडतात आणि तीच डेप्थ दुप्पट वाटते. जिथे वाजवणार तिथल्या जोडणीवरच नॉब लावा, आणि बँड वाजत असताना लावा. एकट्याने वाजवताना भरघोस वाटणारा कोरस बँडमध्ये गिटारला मागे ढकलतो, कारण सुराची धार बोथट होते. कीबोर्डवर आधीच लहरणारे स्ट्रिंग्ज चालू असतील तर तुमचा कोरस सरळ बंद. दोन लाटा वेगवेगळ्या गतीने चालल्या की कोण सुरात आहे हे कोणालाच कळत नाही.

पायरी ७: घेताना

ॲनालॉग की डिजिटल, यावर लोक रात्र-रात्र भांडतात. नव्या माणसाने त्यात पडू नये. बकेट ब्रिगेडच्या पेडलचा आवाज थोडा गडद आणि किंचित खरखरीचा. डिजिटलचा स्वच्छ, वरची पट्टी शाबूत, त्यामुळे क्लीन गिटारवर काचेसारखा. डोळे मिटून दोन्ही ऐका आणि आवडेल ते घ्या. मल्टी-इफेक्टमध्ये दोन्ही प्रकार तयार असतात. तिथे लाटेचा आकार निवडता येत असेल तर त्रिकोणी आणि गोलसर हे दोन्ही आकार लावून बघा. त्रिकोणी लाटेत सूर काही वेळ एका बाजूला ठाम ढळलेला राहतो आणि मग एकदम दुसऱ्या बाजूला जातो. गोलसर लाटेत तो सतत झुलत असतो. दोन कोरसमधला जो फरक लोकांना शब्दांत सांगता येत नाही, तो पुष्कळदा एवढाच असतो.

जुनं पेडल घेत असाल तर गिटार न लावता ते चालू करा, अँपचा आवाज वाढवा आणि कान द्या. बारीक शिट्टी येतेय का? रेटबरोबर वेग बदलणारी 'टक… टक…' ऐकू येतेय का? थोडी सळसळ चालेल, ती या जातीचा स्वभाव आहे. टकटक चालणार नाही, सराव करताना ती लयीच्या आड येते. चालू-बंद करताना आवाजाची पातळी खाली-वर होते का, तेही बघा.

आणि वीज. आजची बहुतेक पेडलं ९ व्होल्टची, मध्यभाग ऋण असलेल्या अडॅप्टरवर चालतात, पण फ्लँजरमध्ये १८ व्होल्टवाली मंडळीही आहेत. पेडलवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय काही खुपसू नका. बॉसच्या जुन्या पेडलांवर अडॅप्टरच्या खाचेजवळ 'एसीए' लिहिलेलं असेल तर ते पेडल जुन्या, जास्त व्होल्टेज देणाऱ्या अडॅप्टरसाठी बनवलेलं आहे. त्याला आताचा ९ व्होल्टचा एकटाच लावला तर दिवा मंद लागतो आणि लाट मरगळते. माझ्या ओळखीच्या एकाने असं एक पेडल 'खराब' म्हणून स्वस्तात विकून टाकलं होतं. घेणाऱ्याने घरी जाऊन त्यात बॅटरी घातली, आणि पेडल ठणठणीत निघालं.